दहावा खुंट

तार्तू, १६ मार्च १९३४

चि. हिल्या हिस,
योसेपकाकाचे आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी हाती आले. माझी प्रकृती बरी आहे. खोकला जुनाच आहे, त्याचे नि माझे आता जमले आहे. लॅटिन शिकायला दोन मुले येतात. त्यांतला एक हुशार आहे, म्हणून तो लवकरच यायचा थांबेल. सोमवारपासून देशात आणीबाणी लागू आहे हे तुमच्याकडेही कळले असेलच. हे पत्र वाटेत कोणी उघडून वाचले, तर त्या गृहस्थांनाही माझा नमस्कार सांगतो आणि मजकूर कौटुंबिक आहे याची खात्री देतो.

तुझी आई गेल्याचे मला ऑक्टोबरातच कळले होते. मी आलो नाही. का आलो नाही, ते तू विचारलेले नाहीस. तुझे पत्र सगळे अकरा ओळींचे, आणि त्यांत दोन प्रश्न. पहिला : नऊ जणांतून माझ्या वडिलांनाच का नेले? दुसरा : आईच्या मागे धान्य वाळवायच्या खोलीच्या माळ्यावर दोन बर्चचे खुंट सापडले, त्यांतला रेघ असलेला बाबांचा हे मला ठाऊक आहे, मग बिनरेघेचा कोणाचा? जूनमध्ये गावात मारल्या गेलेल्यांच्या स्मरणाची शिळा उभी राहणार, प्रत्येक नावापुढे एक ओळ कोरणार, आणि तुझ्या वडिलांच्या, प्रीदिकच्या, नावापुढची ओळ मी सांगेन तीच तू पाद्रीबाबांना कळवणार, असे तू लिहितेस. शेवटी लिहितेस, की शाळेत तुला सगळे ‘दोनखुंटी’ म्हणत. ते मला माहीत नव्हते.

तर प्रथम प्रतिज्ञा मांडतो, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. या पत्रात मला सिद्ध करावयाचे आहे ते असे : प्रीदिक कादारिक याचा मृत्यू कम्यूनच्या जमीनविषयक धोरणामुळे झाला, कोणा एका माणसाच्या बोलण्यामुळे नव्हे.

तू तेव्हा सात वर्षांची होतीस. जर्मन फौजा निघून गेल्या आणि या देशात एकाच वेळी दोन सरकारे झाली. एक टालिनमध्ये, दुसरे नार्वात. नार्वातले ते लाल फौजेच्या जोरावर उभे राहिलेले श्रमिकांचे कम्यून. ते १९१८ च्या २९ नोव्हेंबरला जाहीर झाले, सात आठवडे आपल्या भूमीवर राहिले, आणि मग आगगाडीच्या डब्यांतून नि परक्या गावांतून फिरत जूनमध्ये कागदावरही संपले. आमच्या ऊवेरेत ते एकोणचाळीस दिवस होते. आज शाळेच्या पुस्तकांत त्याला लुटारूंचे राज्य म्हणतात, आणि सरहद्दीपलीकडच्या आपल्या भाषेतल्या पत्रांत पहिली पहाट म्हणतात. ही दोन्ही वाक्ये लिहिणारे लोक ऊवेरेत नव्हते. मी होतो. मी गावच्या जमीन समितीचा चिटणीस होतो आणि माझी निवड हात वर करून झाली होती. माझ्यासाठी हात वर करणाऱ्यांत तुझे वडील पहिले होते.

जमीनदार नोव्हेंबरातच पळाला. वाड्याला अकराशे हेक्टर जमीन, आणि तिच्यावर राबणारे छत्तीस सालगडी. प्रीदिक त्यांतला एक. धान्याच्या पोत्यांवर आणि खारवलेल्या मासळीच्या पिंपावर वर्ष काढणारी ही माणसे. त्यांची अपेक्षा एकच होती, की आता जमीन वाटली जाईल. नार्वाहून हुकूम आला तो उलट : वाड्याची जमीन फोडायची नाही; ती अखंड राहील, समिती ती कसून घेईल, आणि पीक सगळ्या जनतेचे होईल. कारण तुकडे केले, की दहा वर्षांत तुकड्यांचे पुन्हा वाडे होतात. मला हे तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. दृष्टांत हवा असेल तर तुमच्या शेजारच्या सांगलेपांचा नवा गोठा बघ.

पहाटे पाचला सालगड्यांना उठवणारी वाड्याची घंटा तशीच राहिली. फक्त ती आता समितीचा माणूस वाजवी. म्हातारा तोमास एकदा कुडकुडत म्हणाला, “घंटा आधी मालकाची होती, आता आपली झाली. आवाज तेवढा मालकाचाच येतो.” मी हे कार्यवृत्तात लिहिले नाही.

डिसेंबरच्या मध्यावर वाड्याच्या दिवाणखान्यात सभा झाली. मी हुकूम वाचून समजावला. तासभर बोललो असेन. संपल्यावर तुझे वडील उठले, टोपी हातात.

“दादा, मला एवढंच सांग. ही जमीन आता माझी आहे का नाही?”

“आहे. ती सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांत तू येतोस. म्हणून तुझी आहे.”

“बरं. मग माझी कुठली ते दाखव.”

“तुकडा नाही दाखवता येणार. जे अखंड आहे त्यात तुझा वाटा आहे.”

“म्हणजे वाटा आहे, पण ताटात नाही.”

लोक हसले. मी हसणे थांबू दिले आणि त्याला एकापुढे एक चार प्रश्न विचारले. जमीन कोणी निर्माण केली? कसली कोणी? कसणारा एक होता का अनेक? मग अनेकांनी केलेल्या गोष्टीवर एकाने हक्क सांगणे याला आपण आजवर काय म्हणत आलो? 

“तू जिंकलास,” तो म्हणाला. “लहानपणी तरी मी तुला कधी हरवलं? पण वसंतात नांगर कुठे घालू, ते तू अजून सांगितलं नाहीस.”

या वेळी लोक जास्त हसले, आणि मला हसले. तो मात्र हसत नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवे होते.

नाताळ आला. प्रार्थनेला बंदी होती, पाद्री टालिनकडे निघून गेले होते. तुझ्या आईने मला रक्ताचे सॉसेज आणि जवाच्या बिअरचा छोटा घडा पाठवला. पाठवला म्हणजे तू घेऊन आलीस. तुला आठवत नसेल.

५ जानेवारीला रविवार होता. ज्या वेळेला पूर्वी देवळाची घंटा व्हायची, त्या वेळेला नऊ सालगडी घसरगाडीवर पाण्याचे पिंप आणि बर्चचे खुंट घालून गिरणीकडच्या शेतात गेले. मी शिकवत असे त्या शाळेच्या खिडकीतून मला ते शेत सगळे दिसे. जमीन इतकी गोठली होती, की तिच्यात पहारही शिरली नसती. म्हणून त्यांनी काय केले, तर बर्फात खळगा करायचा, खुंट उभा धरायचा, बुंध्याशी पाणी ओतायचे. चिलीम भरून होते न होते तोवर खुंट पक्का. मग पावले मोजत पुढे. सगळे कसे शिस्तीत चालले होते. कोणी ओरडत नव्हते, कोणी पीत नव्हते. देवळात जातात तसे चेहरे.

प्रत्येक खुंटावर ज्याच्या-त्याच्या घरची खूण कोरलेली होती. तुमच्या पिढीला भूमापन खात्याचे आकडे माहीत, म्हणून सांगतो. पूर्वी आमच्याकडे कुऱ्हाडीचा दांडा, घडा, होडी, जंगलात तोडलेले झाड, सगळ्यावर घराची खूण असे. आमच्या घराची खूण म्हणजे फुली आणि तिच्यावर छप्पर. ती बापाकडून उतरे. धाकटा मुलगा वेगळा निघाला, की तो तिच्यात एक रेघ वाढवी. प्रीदिकने फुलीच्या डाव्या हाताखाली रेघ घेतली होती. हे खुंट वसंतात बर्फ वितळताच आडवे होणार, हे लहान मूलही सांगू शकले असते. म्हणून माझे त्या वेळी मत झाले, की जो हक्क एप्रिलपर्यंतही उभा राहू शकत नाही, त्याला गंभीर मानण्याचे कारण नाही. मी समितीला काही कळवले नाही. हे माझ्या बाजूचे आहे, नोंद घ्यावी.

पण कोणीतरी कळवले. मंगळवारी तालुक्याहून कमिसार, म्हणजे कम्यूनचा अधिकारी, आला. ओस्कार पिह्लाक. नार्वाच्या एका गिरणीतला विणकर; उजव्या हाताची दोन बोटे यंत्रात गेलेली. वाईट माणूस म्हणून तुम्हांला त्याचे वर्णन सांगितले असेल. तो दमलेला माणूस होता. तो मला घेऊन शेतात गेला. खुंट पाहत हिंडला आणि एकाशी थांबून म्हणाला,

“मास्तर, हे काय कोरलंय? जादूटोणा?”

“घरखुणा आहेत.”

“मी दोन भाषा वाचतो आणि हे वाचता येत नाही म्हणजे काय. तुम्हांला येतं?”

“येतं,” मी म्हणालो.

हिल्या, त्या ‘येतं’मध्ये किती समाधान होते ते मी लपवत नाही. तीस वर्षे मी त्या खुणा एका वहीत उतरवून घेत होतो. कुठल्या घरातून कुठली फुटली, कोणी कधी रेघ वाढवली. कोणाला त्याचे कौतुक नव्हते. आणि आता नव्या राज्याचा अधिकारी बर्फात उभा राहून ऐकत होता. आधी मी त्याला विचारून घेतले, की नावांचे काय करणार. तो म्हणाला, बोलावणार, दम देणार, सोडून देणार. मी एकेक खूण वाचली, त्याने डाव्या हाताने एकेक नाव लिहिले. खुंट दहा होते, नावे नऊ झाली. तुझ्या वडिलांच्या नावापुढे दोन खुंट लिहिले गेले.

येथे माझ्यावर आक्षेप येतो, की खुणा मी वाचल्या नसत्या तर यादीच झाली नसती. उत्तर : छत्तीस घरांतला कोणीही म्हातारा त्या वाचू शकला असता. दुसरा आक्षेप, की इतर आठ जणही माझ्याच वाचण्याने गोवले गेले. उत्तर : ते आठ जण सुटले. त्यांतले दोघे तुमच्या शिळेच्या मंडळावर आहेत असे तूच लिहितेस. तेव्हा यादी हे मृत्यूचे कारण ठरत नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी यथाक्रम येतो.

दुपारी नऊही जणांना वाड्याच्या कचेरीत उभे केले. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी लिहायला बसलो होतो. पिह्लाक आठ जणांना जे बोलायचे ते बोलला. मूर्ख म्हणाला, भुकेले म्हणाला, घरी जा म्हणाला. म्हाताऱ्या तोमासला म्हणाला, “आजोबा, तुम्हांला तर सहा फूट पुरेल.” तोमास म्हणाला, “तेवढी तरी माझ्या नावावर करा.” पिह्लाकसुद्धा हसला. मग तुझ्या वडिलांकडे वळला आणि हसणे गेले.

“एक खुंट मला कळतो, कादारिक. तो भुकेचा. दुसरा कशाचा? उद्याचा जमीनदार होणार होतास?”

प्रीदिकने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. माझ्या टाकाला शाई आहे का ते पाहावे इतपत.

“मोजताना चुकलो,” तो म्हणाला.

“दोन वेगळे खुंट, दोन वेगळ्या खुणा, आणि मोजताना चुकलो?”

“हो. मोजणीत मी कच्चाच. दादाला विचारा.”

मला कोणी विचारले नाही. मी ‘मोजताना चुकल्याचे सांगतो’ असे लिहिले. त्याला घसरगाडीत बसवून तालुक्याला नेले. तुझी आई वेशीपर्यंत मागे धावली आणि त्याच्या हातात भाकरी देऊन परत फिरली.

मी स्वस्थ बसलो नाही. त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला, चार पानांचा. मोजणीतील चूक आणि मालकीचा हेतू यांतला भेद, खुंट तात्पुरते असल्याचा पुरावा, आरोपीचा समितीच्या निवडणुकीतला सहभाग, सगळे मुद्देसूद. गुरुवारी तो घेऊन मी स्वतः तालुक्याला गेलो. पिह्लाकने तो उभ्याने वाचला. पश्चिमेकडून तोफा ऐकू येत होत्या आणि कचेरीत लोक कागद खोक्यांत भरत होते.

“मास्तर, लिहिलंय झकास,” तो म्हणाला. “चार पानं. पण तो तुमचा सख्खा भाऊ आहे, हे यात कुठे आहे?”

“ते नाव वाचूनही कळतं. आणि त्याचा मुद्द्याशी संबंध नाही.”

त्याने अर्जाची घडी घातली. “अजून काही सांगायचं असलं तर आत्ता सांगा. मी उद्या इथे असेन की नाही सांगता येत नाही.”

मी म्हणालो, जे आहे ते अर्जात आहे.

कम्यूनचे लोक मागे हटताना कैद्यांना बरोबर नेऊ शकत नव्हते. १४ तारखेला त्यांनी सतरा जणांना गावाबाहेरच्या पाइनच्या रानात नेले. सतरांत तुझे वडील होते. दोन दिवसांनी टालिनचे सैन्य आले. त्यानंतर मलाही पकडले आणि लष्करी न्यायालयाने दोन वर्षे दिली. तिथे मला माझ्या मतांबद्दल पुष्कळ विचारले गेले. खुंटांबद्दल एकानेही विचारले नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला, तरुणपणी ज्या कायद्याच्या वर्गात बसलो, तिथे मला शिकवले नव्हते. पुढे त्याच टालिनच्या सरकारने वाड्याची जमीन तुकडे करून वाटली, आणि तुझ्या आईला मिळाला तो तुकडा गिरणीकडच्या शेतातलाच. म्हणजे माझा भाऊ ज्यासाठी मेला ते त्याच्या शत्रूंनी नव्हे, माझ्या शत्रूंनी त्याच्या बायकोला दिले. यावर मी काय वाद घालू?

१९२१ च्या शरद ऋतूत सुटून मी तुमच्याकडे आलो होतो. तू नऊ-दहा वर्षांची, दाराआडून बघत होतीस. तुझ्या आईने मला बसवले, कोबीचे सूप वाढले, राईची भाकरी कापली. मग फळीवरून माझ्या वडिलांचा लाकडी घडा काढून त्यात बिअर ओतली आणि तो असा ठेवला, की तळाजवळची खूण माझ्याकडे येईल. फुली आणि छप्पर. रेघ नाही.

“भावोजी, ही खूण ओळखता ना?”

“ओळखतो.”

“कोणाची?”

“आमच्या वडिलांची.”

“ते गेल्यावर कोणाची?”

मी म्हणालो, सूप छान झाले आहे.

“बरं,” ती म्हणाली. त्यानंतर ती मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मीही तिकडे आलो नाही. बर्फ वितळल्यावर आडवे झालेले ते दोन खुंट तिने स्वतः उचलून आणले होते, हे मला तुझ्या पत्रावरून पहिल्यांदा कळले. माझी कल्पना होती, की ते कोणीतरी जाळले असतील.

मी आता पत्र पहिल्यापासून वाचून पाहिले. त्यात खोटे एकही वाक्य नाही. एका ठिकाणी मात्र मी कर्ता गाळला आहे. माझ्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला कारण विचारले असते. ते वाक्य असे : तुझ्या वडिलांच्या नावापुढे दोन खुंट लिहिले गेले.

शेतात त्या दोन खुंटांशी पिह्लाक आला, तेव्हा ते एकमेकांशेजारी होते, मध्ये पंधरा पावले. पहिल्यावर रेघ होती. मी म्हणालो, प्रीदिक कादारिक. दुसऱ्यावर फुली आणि छप्पर, आणि कोरताना जास्त काळजी घेतलेली. धाकटा रेघ वाढवतो; थोरला बापाची खूण आहे तशी घेतो. ती खूण जगात एकाच माणसाची होती. माझ्या भावाने शेजारची जमीन माझ्यासाठी धरली होती. मला न विचारता. सभेत मी त्याला हरवले होते, आणि त्याने मनाशी ठरवले होते, की दादा बोलतो पुष्कळ, पण म्हातारपणी त्यालाही खायला लागेल.

पिह्लाकने विचारले, “आणि हा? याला रेघ नाही.”

मी घाबरलो नव्हतो. तसे असते तर सांगायला सोपे गेले असते. मला राग आला होता. त्या खुंटाने माझा तासभराचा युक्तिवाद बर्फात उभा करून त्यावर पाणी ओतले होते. समितीच्या चिटणिसाच्या नावाचा तुकडा, तोही भावाने दया म्हणून दिलेला. मी म्हणालो, “तोही त्याचाच.” दोन शब्द. दोन खुंटांचा माणूस मी त्या दोन शब्दांत तयार केला. नंतर कचेरीत त्याला ते खोडता आले असते. ‘दादाचा आहे’ एवढेच म्हणायचे होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मोजताना चुकलो म्हणाला. मोजणीत तो कधीही चुकत नसे. ऊवेरेतली पेरणी त्याच्या पावलांवर चाले.

तेव्हा वर मांडलेली प्रतिज्ञा सिद्ध होत नाही. धोरणाने नऊ जणांना कचेरीत आणले, आठ जण घरी गेले. नववा का गेला नाही, याचे कारण धोरणात सापडत नाही. पंधरा वर्षे मी ते तिथे शोधले.

शिळेवरची ओळ तू मागितलीस. ‘एकच खुंट रोवला’ असे कोरवून घे. कोणी हरकत घेतली, तर हे पत्र दाखव. पाद्रीबाबांना, मंडळाला, सांगलेपांना, ज्यांनी तुला नाव ठेवले त्या सगळ्यांना. त्यासाठीच खाली स्वतंत्र लिहून सही करतो. दुसरा खुंट माझा आहे. पण तो मागण्याचा किंवा जाळू नको म्हणण्याचा हक्क मी त्याच दिवशी सोडला आहे, तेव्हा तुला वाटेल ते कर. जूनमध्ये मी येणार नाही. तू बोलावलेही नाहीस, ते बरोबर केलेस.

कबुली. ७ जानेवारी १९१९ रोजी ऊवेरेच्या गिरणीकडील शेतात दहाव्या खुंटावर कोरलेली खूण माझी होती. ती माझा भाऊ प्रीदिक याची आहे असे मी विचारले असता सांगितले. चूक त्याच्या मोजणीत नव्हती, माझ्या उत्तरात होती.

योसेप कादारिक
प्रीदिकचा थोरला भाऊ

सहीपुढे खूण काढली आहे. माळ्यावरच्या खुंटाशी ताडून पाहा.